चरित्र अभिनेत्रीचे आत्मचरित्र

आमचे गाव हिंगणी. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या वाटेवर. २०१४ साली बोरच्या जंगलाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाल्यापासून बाहेरची माणसे हे नाव वाघांसाठी घेऊ लागली. आमच्या लहानपणी मात्र गावात बाहेरून येणारी अपूर्वाईची गोष्ट म्हणजे तंबूतला सिनेमा. पडदा जुना, फीत त्याहून जुनी. मुंबईत कधीच उतरलेले चित्रपट आमच्याकडे नवे म्हणून येत. तंबूत एका अंगाला बसलेल्या बायकांमध्ये आमची आजी असे आणि तिच्या शेजारणी असत. या बायकांना नायिकेचे नाव ठाऊक असे, नायकाचे तर असेच. पण पडद्यावर पांढऱ्या लुगड्यातली, पदर डोक्यावरून घेतलेली एक बाई आली की त्या एकमेकींना सांगत, ‘राज कपूरची माय आली.’ पुढच्या वर्षी दुसऱ्या चित्रपटात तीच बाई दिलीपकुमारची माय असे. तिला स्वतःचे नाव असेल असे त्या तंबूत कोणाच्या मनात आले नाही; आमच्याही आले नाही.

तिचे नाव लीला चिटणीस होते. तिने १९८१ साली ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ते आमच्या हाती पडले तेव्हा आम्ही मराठीचे प्राध्यापक झालो होतो आणि स्त्रियांच्या आत्मचरित्रांवर वर्गात अधिकारवाणीने बोलू लागलो होतो. त्या बोलण्यात काय उणे होते, ते या लेखात सांगायचे आहे.

आधी एका शब्दाविषयी. मुख्य नायिकेखेरीज इतर महत्त्वाच्या भूमिका करणाऱ्या नटीला आपण ‘चरित्र अभिनेत्री’ म्हणतो. हा शब्द आपल्याकडे हिंदीच्या वाटेने आला. हिंदीत ‘चरित्र’ म्हणजे पात्र किंवा स्वभाव. मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा, आणि ज्याला नीतीचा वास आहे ते चारित्र्य. म्हणजे मराठी कानाला ‘चरित्र अभिनेत्री’ हा शब्द चमत्कारिक लागायला हवा. तो लागत नाही, कारण आपण तो ऐकतच नाही. आम्हांला मात्र यात एक विचित्र सत्य दडल्यासारखे वाटते. दुर्गा खोटे यांच्यासारखी लाडांच्या घरातली मुलगी १९३१-३२ साली चित्रपटात आली तेव्हा समाजाने तिच्याबाबतीत चौकशी केली ती चारित्र्याची. पुढे वय वाढल्यावर चित्रपटधंद्याने तिच्या हाती ठेवल्या त्या चरित्र भूमिका. आणि तिने ‘मी दुर्गा खोटे’ लिहिले तेव्हा आम्ही समीक्षकांनी मागितले ते चरित्र. या तिन्ही मागण्यांत तिच्या अभिनयाविषयी कोणी काही विचारले नाही.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून आमचाच पुरावा देतो. ‘मी दुर्गा खोटे’ १९८२ साली प्रसिद्ध झाले. शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००६ साली आला. हे पुस्तक शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे जे मुद्दे काढून देत आलो ते असे: संपन्न घरातील बालपण, विवाह, आर्थिक विवंचना, कुलीन स्त्रीचा चित्रपटप्रवेश व त्याबद्दलची लोकनिंदा, ‘अयोध्येचा राजा’तील तारामती. मुद्दे खोटे नव्हते. पण तारामती १९३२ सालची आणि ‘बिदाई’ १९७४ सालची. मधली बेचाळीस वर्षे आमच्या टिपणांत दोन ओळींत संपत. ‘पुढे त्यांनी अनेक चरित्र भूमिका केल्या’ हे त्यांपैकी एक वाक्य आणि १९८३ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराचा उल्लेख हे दुसरे. एखाद्या कवीची पहिली पाच वर्षे शिकवून उरलेली चार दशके आम्ही अशी गुंडाळली असती, तर विद्यार्थ्यांनी आम्हांला क्षमा केली नसती.

या दोन ओळींत काय काय गाडले गेले, याचा एक नमुना पाहा. १९३४ सालच्या ‘सीता’ या चित्रपटात दुर्गाबाई सीता होत्या आणि पृथ्वीराज कपूर राम. १९६० साली ‘मुगल-ए-आझम’मध्ये पृथ्वीराज अकबर झाले आणि दुर्गाबाई जोधाबाई. सव्वीस वर्षांनी तीच जोडी पुन्हा राजा-राणी म्हणून पडद्यावर उभी राहिली; पण आता प्रेमकथा मुलाची होती. पृथ्वीराजांच्या वाट्याला वय वाढल्यावरही चित्रपटाचा अर्धा भार आला, कारण सम्राटाचा आवाज हाच त्या कथेतला अडसर. दुर्गाबाईंच्या वाट्याला आली ती पती आणि पुत्र यांच्या मधली जागा. सगळे तणाव या बाईच्या चेहऱ्यावरून जातात आणि निर्णय एकही तिचा नसतो. न बोलता उभे राहून प्रसंगाचे वजन सांभाळणे हा अभिनयाचा कठीण प्रकार आहे. नायिकेला ज्या दृश्यात गाणे मिळते, त्या दृश्यात हिला पदर सावरण्याइतकाच अवकाश असतो. तारामती करणाऱ्या नटीला या जोधाबाईपर्यंत येताना काय टाकून द्यावे लागले असेल, हा प्रश्न आम्ही एकाही विद्यार्थ्याला घातला नाही.

आता शीर्षकांकडे वळू. मराठी नटींच्या आत्मकथनांची नावे एका ओळीत मांडली की एक गंमत दिसते. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ हे नाव त्यांच्या १९५९ सालच्या गाजलेल्या चित्रपटाचे. शांता हुबळीकरांचे ‘कशाला उद्याची बात’ हे नाव १९३९ सालच्या ‘माणूस’मधल्या त्यांच्या गाण्याचे. सीमा देव यांच्या ‘सुवासिनी’मागेही त्यांचा १९६१ सालचा त्याच नावाचा चित्रपट उभा आहे. म्हणजे मागे वळून पाहताना नटीला स्वतःची ओळख सापडते ती नायिकेच्या भूमिकेत. आई, सासू, आत्या, मावशी, जाऊ अशा शेकडो भूमिका या स्त्रियांनी केल्या; त्यांतल्या एकाही भूमिकेवरून पुस्तकाला नाव पडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. लीलाबाईंचे शीर्षक तर सप्तमीत आहे: ‘दुनियेत’. त्यात ‘मी’सुद्धा नाही. दुर्गाबाईंच्या शीर्षकात ‘मी’ आहे, तो ठसठशीत आहे, आणि त्याच्यापुढे सासरचे आडनाव आहे.

लीला चिटणीसांची गोष्ट वयाच्या हिशेबात मांडली की फार स्पष्ट होते. त्यांचा जन्म १९०९ सालचा, धारवाडचा. पदवीधर, नाट्यमन्वंतरच्या वातावरणातून आलेल्या. ‘बॉम्बे टॉकीज’च्या ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) या तीन चित्रपटांत त्या अशोककुमारच्या नायिका होत्या. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय तारका. अशोककुमार त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. १९४८ साली ‘शहीद’मध्ये लीलाबाई दिलीपकुमारच्या आई झाल्या, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. १९५१ साली ‘आवारा’त राज कपूरची आई. आणि अशोककुमार १९५८ साली ‘हावरा ब्रिज’मध्ये मधुबालाचे नायक होते. मधुबाला त्यांच्याहून सुमारे बावीस वर्षांनी लहान. एका पडद्यावर एकत्र उभ्या राहिलेल्या दोन माणसांपैकी एकाचे घड्याळ पुढे ढकलले गेले आणि दुसऱ्याचे थांबवून ठेवले गेले. लीलाबाईंनी १९५५ साली ‘आज की बात’ हा चित्रपट दिग्दर्शित केला, हेही या संदर्भात आठवावे. पडद्यावर आई झालेली बाई कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला जाऊन पाहत होती. पुढे त्या अमेरिकेत मुलांकडे गेल्या आणि २००३ साली कनेक्टिकट राज्यात वारल्या. हिंगणीच्या तंबूतल्या बायका त्याआधीच गेल्या होत्या. दिलीपकुमारची माय परदेशात वारली, हे त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता.

ही एकट्या लीलाबाईंची कथा नाही, आणि जुन्या काळाचीही नाही. १९९९ सालच्या ‘वास्तव’मध्ये रीमा लागू संजय दत्तच्या आई होत्या, दोघांच्या वयांत अंतर एका वर्षाचे.

पण केवळ अन्यायाची यादी करून थांबणे आम्हांला पसंत नाही. स्त्रियांच्या आत्मचरित्रांवरील आमच्या टीकेला ती सवय लागली आहे: सोसले किती ते मोजायचे आणि लेखिकेला कनवाळूपणे गुण द्यायचे. तिने केले काय, हे मोजण्याची साधने आम्ही तयारच केली नाहीत. म्हणून एक चित्रपट जरा जवळून पाहू.

बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ १९५९ सालचा. कथा एका बंगाली लेखकाची, घर बंगाली वळणाचे. पण त्या घरातल्या बायका पाहा. सुजाता झालेली नूतन शोभना समर्थांची कन्या. घरची खरी मुलगी रमा म्हणजे सोलापूरच्या शशिकला. सोवळ्याओवळ्याची कट्टर आत्या म्हणजे येवल्याच्या ललिता पवार. आणि घरची मालकीण चारू म्हणजे खडकलाटच्या सुलोचना. एका बंगाली घराचा सगळा स्त्रीसंसार मराठी नटींनी चालवला आहे. सुलोचनाबाईंचा जन्म १९२८ सालचा, शशिकलांचा १९३२ सालचा. आई मुलीहून चार वर्षांनी मोठी. हे आकडे कळल्यावर आम्ही तो चित्रपट पुन्हा पाहिला, आणि चार वर्षांचे अंतर पडद्यावर वीस वर्षांचे कसे झाले, याचा शोध घेत बसलो. उत्तर वेशभूषेत थोडेच आहे. ते आहे सुलोचनाबाईंच्या मंदावलेल्या हालचालीत आणि वाक्य संपल्यावर त्या घेत असलेल्या किंचित विरामात.

वर्गात आम्ही सपाट आणि गोलाकार व्यक्तिरेखा शिकवतो. जी बदलते, जिच्याविषयी आपला अंदाज चुकतो, ती गोलाकार. या कसोटीवर ‘सुजाता’ची मध्यवर्ती व्यक्तिरेखा कोण? सुजाता पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच आहे: सोशिक, निर्मळ, प्रेमळ. तिच्यात बदलण्यासारखे काही नाही. बदलते ती चारू. अस्पृश्य घरातल्या पोरक्या मुलीला घरात वाढू देणारी, तिच्यावर माया करणारी, पण चारचौघांत तिची ओळख ‘मुलीसारखी’ अशी करून देणारी ही बाई. त्या ‘सारखी’त चित्रपटाचा सगळा प्रश्न आहे. ती अपघातात सापडते, सुजाताचे रक्त तिला दिले जाते आणि मग तो प्रत्यय गळून पडतो. म्हणजे कथेचे वळण चारूच्या अंगात आहे. तरी श्रेयनामावलीत सुलोचना साहाय्यक. नेमके कोण कोणाला साहाय्य करीत आहे?

नूतनचे श्रेय आम्हांला कमी करायचे नाही. न बदलणारी माणसे जिवंत ठेवणे तर अधिकच अवघड. आमचे म्हणणे एवढेच की ‘साहाय्यक’ हा शब्द कथेच्या रचनेतून आलेला नाही. तो आला मोबदल्यातून, भिंतीवरच्या पोस्टरांतून आणि वयातून. वैजयंतीमाला यांनी ‘देवदास’मधल्या चंद्रमुखीसाठी मिळालेला ‘फिल्मफेअर’चा साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार नाकारला, तो आपली भूमिका पारोच्या बरोबरीची आहे या कारणास्तव. त्यांना तसे म्हणता आले, कारण त्या तेव्हा नायिका होत्या. ललिता पवारांना ‘अनाडी’तल्या मिसेस डिसासाठी तोच पुरस्कार मिळाला आणि त्यांनी तो घेतला. हा पुरस्कार १९५५ साली सुरू झाला. पहिला मान उषा किरण यांचा, ‘बादबान’साठी. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या आत नलिनी जयवंत, ललिता पवार, नंदा आणि लागोपाठ दोनदा शशिकला. पहिल्या दहांपैकी सहा पुरस्कार मराठी नटींचे. हिंदी चित्रपटात मराठी बाई नायिका म्हणून किती चालली याचा हिशेब आपण अभिमानाने मांडतो. तिने हिंदी चित्रपटाचे घर किती काळ सांभाळले, याचा हिशेब कोणी मांडला?

ललिता पवारांचे उदाहरण तर अंगावर येते. १९३२ साली ‘कैलास’ या मूकपटात त्या अभिनेत्री तर होत्याच, सहनिर्मात्याही होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेने चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा अधू झाला, नायिकापद संपले. त्या अधू डोळ्याची त्यांनी पुढे जी नजर केली, ती दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’तील मंथरेपर्यंत देशाने ओळखली. आता ही कथा आपण दुर्दैव म्हणून सांगतो. त्या डोळ्याचा उपयोग कसा करायचा, हे मात्र दुर्दैवाने शिकवलेले नाही. ते बाईंनी स्वतः शोधून काढले. ‘श्री ४२०’मधली केळी विकणारी प्रेमळ बाई आणि ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मधली सीतादेवी एकाच वर्षीच्या, १९५५ च्या. डोळा तोच. एकीत तो मिश्कील दिसतो, दुसरीत निष्ठुर.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या सगळ्याचे वावडे असण्याचे कारण नाही. उलट हा विषय त्याच्या अंगणातला आहे. आपल्याकडे स्त्रीचे आत्मचरित्र जन्मालाच साहाय्यक भूमिकेतून आले. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० सालचे. त्यातले ‘आमच्या’ कोणाचे, हे आपण पहिल्याच तासाला सांगतो: नायक माधवराव, सांगणारी त्यांची पत्नी. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ रेव्हरंड टिळकांच्या आठवणी म्हणून मांडायला घेतली आणि पाहता पाहता साहाय्यक पात्राने रंगमंच ताब्यात घेतला. सुनीता देशपांडे यांनी १९९० साली ‘आहे मनोहर तरी’ लिहिले तेव्हा अनेक वाचक दुखावले, कारण त्यांना नायकाच्या पत्नीचे निवेदन हवे होते. कडेला उभे राहून मध्य पाहणाऱ्या निवेदिकेला काय काय दिसते, हे आपण या तीन पुस्तकांत उत्तम वाचतो. तीच दृष्टी नटीच्या पुस्तकाकडे वळवताना आपला हात का आखडतो? आमच्या मते एक जुना संकोच आड येतो. नटीचे पुस्तक म्हणजे चंदेरी, म्हणजे वाङ्मयाच्या उंबऱ्याबाहेरचे. ते आत घ्यायचेच, तर दुःखाच्या दाखल्यावर. ‘सांगत्ये ऐका’ आत आले ते त्याच दाखल्यावर, शिवाय श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) बरोबर घेऊन. अरुण साधू यांनी शब्दांकित केलेले हे पुस्तक थोर आहे, याविषयी वाद नाही. पण ते एकच माप सर्वांना लावले गेले.

या संदर्भात एका विसरलेल्या पुस्तकाचे स्मरण होते. शांता आपटे यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ १९४० सालचे. त्याच्या आदल्याच वर्षी बाईंनी ‘प्रभात’च्या दारात उपोषण केले होते. त्या वेळी त्या नायिका होत्या, कीर्तीच्या शिखरावर होत्या, आणि लिहायला बसल्या त्या चित्रपटाच्या धंद्याविषयी: या कामात पडू पाहणाऱ्या मुलीने काय जाणून घ्यावे, याविषयी. नटीच्या लेखनाचा हा दुसरा रस्ता होता, कामाचा. तो पुढे फारसा वाहता राहिला नाही. आम्हीही त्या पुस्तकाचा उल्लेख तळटीपेत करीत आलो.

सुलोचनाबाई २०२३ साली गेल्या. त्यांच्या श्रद्धांजलींत ‘वात्सल्यमूर्ती’ हा शब्द इतक्या वेळा आला की आम्ही मोजणे सोडून दिले. या शब्दाने कौतुक होते आणि काम झाकले जाते; जणू त्या पडद्यावर येऊन केवळ स्वतःसारख्या वागत होत्या. १९६३ सालच्या ‘मोलकरीण’मध्ये त्यांनी जी आई केली, तिचा मुलगा रमेश देव त्यांच्याहून जेमतेम सहा महिन्यांनी लहान. त्या चित्रपटात आई आपल्याच मुलाच्या घरी ओळख लपवून मोलकरीण म्हणून राहते. म्हणजे बाईंना एकाच वेळी दोन भूमिका करायच्या होत्या: मुलासमोर मोलकरीण आणि प्रेक्षकांसमोर आई. भांडी घासताना हात मोलकरणीचे हवेत, नजर आईची हवी, आणि मुलगा वळून पाहील त्या क्षणी नजरही मोलकरणीची व्हायला हवी. हे वात्सल्याने साधत नाही. मराठी चित्रपटाने निदान या एका ठिकाणी आईला कथेच्या मधोमध बसवले, हे त्याच्या पारड्यात टाकायला हवे. त्याच काळात हिंदीत मात्र बाईंना दाराशी उभे राहून मुलाची वाट पाहायची होती.

गेल्या वर्षी आम्ही प्रश्नपत्रिकेसाठी एक प्रश्न काढून दिला: ‘चरित्र अभिनेत्रीच्या आत्मकथनात कामाचे चित्रण कसे येते, ते कोणत्याही एका पुस्तकाच्या आधारे लिहा.’ तो ‘अभ्यासक्रमाच्या चौकटीत बसत नाही’ असा शेरा मारून परत आला, आणि त्याच्या जागी स्त्रीच्या भावविश्वाविषयीचा नेहमीचा प्रश्न गेला. यंदा आम्ही तो पुन्हा पाठवला आहे, शब्द थोडे बदलून. दरम्यान वर्गात ‘सुजाता’ दाखवला. आमच्याच भागातल्या एका विद्यार्थिनीने नंतर विचारले, की सर, चारूच्या वाट्याचे सगळे प्रसंग एकापाठोपाठ लावून पाहिले तर तो कोणाचा सिनेमा होईल? आम्ही तसे पाहायचे ठरवले आहे. ‘मुगल-ए-आझम’मधल्या जोधाबाईचेही प्रसंग तिने आता टिपायला घेतले आहेत, वहीत वेळ, जागा आणि संवाद नसलेल्या दृश्यांसाठी एक वेगळा रकाना आहे, आणि तोच सर्वांत लवकर भरत चालला आहे.